पिकअप चोरीला गेली, एक किल्ली गाडीतच होती. क्लेम जाईल का?

पिकअपवाला, नारायणगाव

नमस्कार मंडळी. माझी पिकअप आहे, म्हणजे होती. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो वाशीला न्यायचे आणि येताना रिकामे क्रेट आणायचे, हा आमचा धंदा. मी आणि धाकटा भाऊ आलटून पालटून चालवायचो.

11 ऑगस्टच्या रात्री भाऊ वाशीहून परत येत होता. माळशेज चढून आला, ओतूरच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबला. धो धो पाऊस. गाडी टपरीपासून तीसेक पावलांवर उभी केली आणि पळतच आडोशाला गेला. किल्ली स्टेअरिंगलाच राहिली. चहाचा कप हातात घेतोय तोवर गाडी हलली. तो रस्त्यावर धावला, पण पावसात लाल दिवे तेवढे दिसले. तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. 3 वाजून 34 मिनिटांनी माझ्या मोबाईलवर फास्टॅगचा मेसेज आला, हिवरगाव पावसा टोलनाक्यावर पैसे कापल्याचा. म्हणजे गाडी संगमनेरकडं गेली. तो मेसेज मी पाहिला तेव्हा आम्ही पोलीस ठाण्यात बसलो होतो.

गुन्हा 12 तारखेलाच नोंद झाला. एजंटला मी त्याच सकाळी फोन केला. तो म्हणाला, ‘पोलिसांचे कागद हातात आले की एकदमच देऊ, घाई नको.’ मग आम्ही गाडी शोधत फिरलो. संगमनेर, सिन्नर, घोटी, मालेगावपर्यंत भंगाराची गोदामं पालथी घातली. त्यात गणपती आले. कंपनीला लेखी कळवलं ते 5 सप्टेंबरला, म्हणजे 24 दिवसांनी.

आता कंपनीचं पत्र आलंय. त्यात दोन गोष्टी विचारल्यात. कळवायला उशीर का केला, आणि दोन्ही मूळ किल्ल्या 15 दिवसांत जमा करा, नाहीतर क्लेम बंद करू. माझ्याकडं एकच किल्ली आहे. एजंट म्हणतो, ‘मंचरला एक किल्लीवाला आहे, दुसरी करून घे आणि दोन्ही देऊन टाक. कोण बघतंय?’ फिर्यादीत भावानं किल्लीबद्दल काहीच सांगितलेलं नाही आणि पोलिसांनीही विचारलं नाही.

गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, 6,40,000 रुपये. आरसीवर पतसंस्थेचा बोजा आहे, 3,90,000 अजून फेडायचे आहेत. गाडी नाही तरी हप्ता चालूच आहे. भाऊ त्या दिवसापासून नीट जेवत नाही. 24 दिवसांच्या उशिरावरून क्लेम जातो का? आणि किल्लीचं काय करू? पत्राला उत्तर द्यायला आठ दिवस उरलेत.

---

जीपमालक, अकोले

दादा, वाईट झालं. पण एजंट म्हणतो ते कर. किल्ली गाडीत ठेवली म्हटलं की कंपनी ‘निष्काळजीपणा’ लिहून मोकळी होते. आमच्याकडं दोघातिघांनी दुसरी किल्ली करूनच दिली. गाडी खरोखर चोरीला गेलीय ना? मग तू कुणाला फसवत नाहीस. हप्ता तू भरलाय, पैसा तुझाच आहे.

---

निवृत्त तपासनीस

मी बावीस वर्षं विमा कंपन्यांसाठी वाहनचोरीच्या दाव्यांचा तपास केला. वरच्या सल्ल्यावर मला लिहावंच लागेल, कारण अशाच सल्ल्यानं बुडालेली माणसं मी पाहिली आहेत.

तुम्ही दिलेल्या किल्ल्या टेबलाच्या खणात पडून राहत नाहीत. शंका आली की त्या तपासणीला जातात. वापरातल्या किल्लीचे दाते झिजून गुळगुळीत होतात, कडांना रोजच्या घासण्याची चमक असते. नव्यानं कापलेल्या किल्लीच्या दात्यांवर मशीनच्या ताज्या रेघा असतात, भिंगाखाली त्या स्वच्छ दिसतात. आणि ज्या जुन्या किल्लीवरून दुसरी कापली तिच्यावरही नक्कल करताना पिनेचा ओरखडा उमटतो. हे लोकांना माहीत नसतं. म्हणजे खोट्या किल्लीबरोबर तुमच्या खऱ्या किल्लीवरही डाग लागतो. किल्लीत चिप असेल तर बाजारातली किल्ली लगेच उघडी पडते. शोरूमनं गाडीसोबत किती किल्ल्या दिल्या आणि त्यांचा नंबर काय, हेही आम्ही विचारून घ्यायचो.

अहवालात ‘सादर केलेली एक किल्ली मूळ नाही’ हे वाक्य आलं की पुढं फास्टॅगचा मेसेज, टपरीवाल्याचा जबाब, भावाचं धावणं यातलं कुणी वाचत नाही. फाइलवर संशयाचा शिक्का बसतो. मग मालकानंच गाडी विकून चोरीची फिर्याद दिली असेल, अशा नजरेनं प्रत्येक कागद पाहिला जातो. असे बनाव मी खरंच पकडलेत. एकात तर गाडी मालकाच्या मेहुण्याच्या गोठ्यात कडब्याखाली होती. त्या लोकांच्या रांगेत तुम्ही स्वतःहून जाऊन उभे राहू नका.

निकालांचं मला फारसं कळत नाही, ते वकील मंडळी सांगतील.

---

ग्राहक आयोगातली वकील, नाशिक

दादा, आधी भावाला जेवायला बसवा. त्याची चूक झाली, पण ती सहा लाखांची नाही. ती किती रुपयांची आहे, हे खाली सांगते.

पहिला प्रश्न उशिराचा. यावर सर्वोच्च न्यायालयाचा तीन न्यायमूर्तींचा निकाल आहे, गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स, 24 जानेवारी 2020. तो न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिला आहे. ते आपल्या अमरावतीचे, पुढं सरन्यायाधीश झाले. त्यात ट्रॅक्टर चोरीला गेला होता. फिर्याद त्याच दिवशी दिली, कंपनीला कळवलं 52 दिवसांनी. तुमचे 24 आहेत.

हा प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढं का गेला, तेही समजून घ्या, कारण तुमची कंपनी जुना निकाल दाखवू शकते. 2010 मध्ये परवेश चंदर चड्ढा यांच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी उशिरावरून दावा नाकारणं योग्य ठरवलं होतं. 2017 मध्ये ओम प्रकाश यांच्या प्रकरणात दुसऱ्या दोन न्यायमूर्तींनी उलट सांगितलं. तिथं ट्रक होता, उशीर आठ दिवसांचा होता, आणि मालक पोलिसांबरोबर ट्रक शोधत होता. दोन निकाल दोन दिशांना गेले, म्हणून मोठ्या खंडपीठानं तिढा सोडवला. पॉलिसीतली पहिली अट काढून वाचा. तिचे दोन भाग आहेत. अपघात झाला तर कंपनीला ताबडतोब लेखी कळवा, हा एक. चोरी झाली तर पोलिसांना ताबडतोब कळवा आणि गुन्हेगार सापडावा म्हणून कंपनीला सहकार्य करा, हा दुसरा. अपघातात गाडीचं नुकसान किती, हे सर्व्हेअरनं लगेच पाहायचं असतं, म्हणून तिथं कंपनीला तातडी. चोरीत शोध पोलिसांनी घ्यायचा असतो. फिर्याद वेळेवर असेल, पोलिसांनी तपास करून गाडी सापडली नाही असा अंतिम अहवाल दिला असेल, आणि कंपनीच्या तपासनीसाला चोरी खरी वाटली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही. माणूस आधी गाडी शोधायला धावतो, कंपनीकडं नाही, हे न्यायालयानं मान्य केलं. संगमनेर ते मालेगाव तुम्ही तेच करत होता.

याच्यापुढं जाऊन जैना कन्स्ट्रक्शनचा निकाल आहे, फेब्रुवारी 2022 चा. ट्रक लुटला गेला, दुसऱ्या दिवशी फिर्याद, कंपनीला पाच महिन्यांनंतर कळवलं. तरी ग्राहकाच्या बाजूनं निकाल लागला. शिवाय विमा नियामकानं 20 सप्टेंबर 2011 रोजीच कंपन्यांना परिपत्रक पाठवलंय की, खरे दावे निव्वळ उशिराच्या मुद्द्यावर यांत्रिकपणे फेटाळू नका.

मात्र यातली ‘पोलिसांचा अंतिम अहवाल’ ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. आपल्याकडं तिला अ समरी म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा माल सापडला नाही. ती कोर्टानं मंजूर करावी लागते आणि त्याला महिने लागतात. दर पंधरा दिवसांनी ठाण्यात जाऊन विचारत राहा. ब समरी म्हणजे खोटी फिर्याद. किल्लीचा बनाव उघडा पडला तर तुमची खरी चोरी त्या दिशेला ढकलली जाण्याचा धोका असतो. म्हणून तपासनीस काकांनी लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द मनावर घ्या.

आता किल्ली. पॉलिसीत गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट असते आणि तुमच्याकडून ती मोडली, हे खरं आहे. प्रश्न असा की, अट मोडली म्हणून सगळा दावा जातो की काही भाग? 2008 मध्ये नितीन खंडेलवाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, चोरीच्या दाव्यात अट मोडली म्हणून कंपनीला पूर्ण दावा झटकता येत नाही, तो ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून, म्हणजे काही रक्कम कापून, द्यावा. तिथं खासगी गाडी भाड्यानं वापरली होती आणि 75 टक्के मिळाले. 2010 मध्ये अमलेंदू साहू यांच्या निकालात तोच रस्ता पुढं पक्का झाला. आणि अगदी तुमच्यासारखं म्हणाल तर अशोक कुमार विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स, जुलै 2023. ट्रकचा चालक चौकशी करायला खाली उतरला, किल्ली ट्रकमध्येच राहिली, ट्रक गेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगात मालक हरला होता. सर्वोच्च न्यायालयानं 75 टक्के द्यायला लावले.

तुमच्या 6,40,000 चे 75 टक्के 4,80,000 होतात. पतसंस्थेचे 3,90,000 गेले तरी 90,000 हातात राहतात. भावाच्या चुकीची किंमत 1,60,000 आहे. खोट्या किल्लीची किंमत 6,40,000 आणि वर फसवणुकीचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. हे मी घाबरवायला लिहीत नाही. माझ्याकडं सात-आठ वर्षांपूर्वी एक पक्षकार आला होता, निफाडकडचा. चोरी खरी होती, फिर्याद दोन तासांत दिलेली. एजंटच्या सांगण्यावरून त्यानं दुसरी किल्ली करून दिली होती आणि मला ते सांगितलं नव्हतं. आयोगात कंपनीनं किल्लीचा अहवाल काढला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मी उभी होते आणि माझ्याकडं बोलायला एक वाक्य नव्हतं. तो माणूस सगळं हरला. खरं सांगितलं असतं तर त्यालाही 75 टक्के मिळवून देता आले असते असं मला आजही वाटतं, आणि त्या एजंटाचा मला आजही राग येतो.

भावाला तपास अधिकाऱ्याकडं न्या आणि पुरवणी जबाब द्या. किल्ली गाडीत राहिली होती, एवढं साधं. फिर्यादीत त्यानं ‘गाडी लॉक केली होती’ असं सांगितलेलं नाही, हे तुमचं नशीब. गप्प राहिलेलं दुरुस्त करता येतं, खोटं बोललेलं दुरुस्त करताना फार जड जातं.

---

ट्रकमालक, बार्शी

ताईंनी लिहिलेलं मी भोगलंय. 2019 मध्ये माझा दहाचाकी टेंभुर्णीजवळच्या ढाब्यावरून गेला. क्लीनर झोपेत, किल्ली आत. कंपनीचं नाव घेत नाही. दावा नाकारला. पत्रात कारण एकच होतं, किल्लीचं. ग्राहक मंचात गेल्यावर त्यांनी उशिराचंही काढलं. आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला की, नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर आणता येत नाही. तो मुद्दा तिथंच पडला. 75 टक्के मिळाले, पण तीन वर्षं गेली. बायकोचं गंठण गेलं ते गेलंच.

एक विचारतो. दादा, गाडीचं पासिंग चालू होतं का त्या दिवशी?

---

पिकअपवाला, नारायणगाव

पासिंग मार्चपर्यंत आहे. पीयूसी, विमा, टॅक्स सगळं चालू. भावाचं लायसन्सही बरोबर आहे.

ताई, तुमचं सगळं रात्री भावाला वाचून दाखवलं. 1,60,000 चा आकडा ऐकून तो म्हणाला, ‘एवढं मी दोन हंगामात फेडीन.’ बऱ्याच दिवसांनी काहीतरी बोलला.

एक शंका आहे. एजंट म्हणतो की पिकअप धंद्याची गाडी आहे, पिवळी-काळी पाटी, म्हणून ग्राहक मंचात केस चालतच नाही. खरं आहे का?

---

ग्राहक आयोगातली वकील, नाशिक

खरं नाही. हे कंपन्यांचे वकीलही दर दुसऱ्या केसमध्ये म्हणतात. हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2023 मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला. ते तर गाड्यांचे विक्रेते होते, 2002 च्या गुजरात दंगलीत त्यांचं नुकसान झालं होतं. विमा नफा कमवायला घेत नाहीत, नुकसान भरून निघावं म्हणून घेतात, त्यामुळं व्यापारी माणूसही विम्याचा ग्राहक असतो.

पासिंगचं बार्शीच्या दादांनी बरोबर विचारलं. तिथं मात्र न्यायालय कठोर आहे. सप्टेंबर 2021 च्या सुशीलकुमार गोदारा यांच्या निकालात नवी बोलेरो होती, तात्पुरती नोंदणी संपून काही दिवसच झाले होते. जोधपूरला अतिथीगृहाबाहेरून ती चोरीला गेली. नोंदणीच नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हा कराराचा मूलभूत भंग धरला आणि त्या माणसाला काहीच मिळालं नाही. चोरीचा आणि नोंदणीचा संबंध काय, असं मलाही तो निकाल वाचताना वाटलं होतं. पण निकाल तसा आहे, आणि वाचणाऱ्या सगळ्यांनी आज आपापली कागदपत्रं काढून तारखा बघाव्यात.

पुढची वाट सांगते. आठ दिवसांच्या आत कंपनीच्या पत्राला उत्तर द्या. नकार आला, किंवा 75 टक्क्यांपेक्षाही कमी देऊ लागले, तर आधी त्यांच्या तक्रार निवारण कक्षाला लिहा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. मुदत एक वर्षाची. त्यांचा निवाडा कंपनीला बांधील असतो, तुम्हाला नसतो. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. तिथं फी भरलेल्या प्रीमियमवर ठरते, तुमच्या बाबतीत शून्य. बार्शीच्या दादांसारखी तीन वर्षं घालवण्याआधी लोकपालाकडं जाच.

तोवर पतसंस्थेला चोरीची लेखी कल्पना द्या, फिर्यादीची प्रत जोडा आणि हप्त्यांसाठी मुदत मागा. देतीलच असं नाही, पण तुम्ही मागितली होती हे कागदावर असू द्या.

---

जीपमालक, अकोले

मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. 75 टक्क्यांचं मला माहीत नव्हतं. किल्ली करून दिलेल्या त्या दोघातिघांपैकी एकाचा दावा अजून अडकलेला आहे, का ते आता कळतंय.

---

पिकअपवाला, नारायणगाव

परवा भाऊ तपास अधिकाऱ्यांसमोर पुरवणी जबाब देऊन आला. टपरीवाल्यानंही सांगितलं की पोरगा चहा टाकून गाडीमागं धावला होता. एजंटनं माझा फोन घेणं बंद केलंय.

कंपनीला हे उत्तर लिहिलंय, ताई एकदा बघा:

‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळवतो की, गाडीच्या दोन मूळ किल्ल्यांपैकी एक सोबत जमा करत आहे. दुसरी किल्ली चोरीच्या वेळी गाडीतच राहिली होती. माझा भाऊ जोरदार पावसामुळे घाईने उतरला आणि काही मिनिटांत गाडी चोरीला गेली. याबाबत त्याने पोलिसांकडे पुरवणी जबाब दिला आहे. फिर्याद 12 ऑगस्ट रोजी दिली. त्याच दिवशी आपल्या एजंटला फोनवर कळवले. त्यांच्या सांगण्यावरून कागद मिळेपर्यंत थांबलो आणि दरम्यान गाडीचा शोध घेतला. दावा गुणवत्तेवर मंजूर करावा, ही विनंती.’

---

ग्राहक आयोगातली वकील, नाशिक

चांगलं आहे, साधं आहे. थोडं बदला. ‘काही मिनिटांत’ मोघम वाटतं, अडीच वाजता गाडी गेली आणि 3.34 ला टोलनाक्यावर पैसे कापले गेले, असं वेळेसह लिहा आणि फास्टॅगच्या मेसेजचा फोटो जोडा. गाडी खरोखर तुमच्या हातातून गेली, याचा तो तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. एजंटला केलेल्या फोनची वेळ कॉल यादीतून शोधून पत्रात घाला, तो आता नाकारणार आहे. किल्ली साध्या पाकिटात पाठवू नका. शाखेत नेऊन द्या, तिच्या नंबरासह पोच घ्या, जमलं तर देण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. आणि पत्रात गुरशिंदर सिंग आणि अशोक कुमार, दोन्ही निकालांची नावं वर्षासह घाला. दावा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला कळू द्या की तुम्हाला माहीत आहे.

---

पिकअपवाला, नारायणगाव

फोनची वेळ मिळाली. सकाळी 7.52, चार मिनिटं बोलणं झालंय. पत्रात घातली. भाऊ आणि मी आत्ताच एसटीनं पुण्याला निघालोय, शाखेत किल्ली द्यायला.